धाव, नांगर, बार : महाकाय रोबोच्या खेळासाठी ७५ सेकंदांचा जाहिरात-ॲनिमे (प्रकल्प नोंदी)

२ जून २०२५

लांबी पक्की: ७५ सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम, एकूण १,८०० फ्रेम. कट २२. त्यांपैकी १३ कट रोबोचे (थ्रीडी, ब्लेंडर ४.२ या सॉफ्टवेअरमध्ये), ७ हाताने काढलेले (पायलट, धूर, माती, स्फोट; क्रिता आणि ओपनटून्झ या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये) आणि २ नावांच्या पाट्या. फ्रेमचा हिशेब: रोबो १,०८०, हाताचे ५५२, पाट्या १६८.

हाताचे कट सरसकट तीन-तीन फ्रेमवर (एकच चित्र तीन फ्रेम दाखवून) धरले तर १८४ चित्रं. जिथे पायलट नुसता बघतो आहे तिथे चित्र थांबवून ठेवायचं. त्याने संख्या बरीच खाली येते.

खेळात एकच खरी चाल आहे आणि जाहिरात तिच्यावरच उभी करायची. थ्रस्टरवर (पुढे ढकलणाऱ्या जेटवर) धाव घ्यायची, डाव्या टाचेतला लोखंडी फाळ जमिनीत रोवून थांबायचं, आणि रोवलेला असतानाच तोफ डागायची. फाळ रोवला नाही तर तोफ चालत नाही. फायलींमध्ये या फाळाचं नाव ‘नांगर’ ठेवलं आहे. तो जहाजाच्या नांगरासारखा थांबवतो आणि शेतातल्या नांगरासारखी जमीनही उकरतो, त्यामुळे दुसरं नाव शोधावं लागलं नाही.

नियम एकच: खेळाडूच्या हातून खेळात जे होणार नाही ते चित्रात दाखवायचं नाही. वेग, थांबायला लागणारा वेळ, गोळ्यांचा दर, सगळं खेळाच्या फायलीतून घ्यायचं.

५ जून

आधीची कामं पाहिली. ‘झोन ऑफ द एंडर्स’ हा कोनामीचा खेळ २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. त्याच वर्षी सनराइझ स्टुडिओने ‘२१६७ इडोलो’ हा व्हिडिओपट केला. खेळ घडतो २१७२ मध्ये, व्हिडिओपट त्याआधी पाच वर्षं. खेळात शत्रू म्हणून समोर येणारी व्हायोला या व्हिडिओपटात एक साधी सैनिक आहे. खेळ सुरू करण्याआधी तो पाहिला असेल तर तिच्याशी लढताना हात जरा अडखळतो. एवढ्या एका परिणामासाठी तासाभराची लांबी परवडली, कारण ते स्वतंत्र विकायचं उत्पादन होतं. ७५ सेकंदांत माणूस उभा करता येत नाही. सवय उभी करता येते: धाव, नांगर, बार.

याच खेळमालिकेच्या २०१२ च्या एचडी संग्रहाला सुरुवातीचं नवं ॲनिमेशन जोडलं होतं. २०१९ मध्ये स्विचवर आलेल्या ‘डीमन एक्स माकिना’साठी ‘ऑर्डर झीरो’ हा छोटा पूर्वकथा-ॲनिमे केला गेला. त्यातल्या यंत्रांचं आरेखन शोजी कावामोरींचं. ‘इडोलो’ आणि ‘ऑर्डर झीरो’तून घेतलेली गोष्ट एकच: कथा खेळाच्या आधीची ठेवायची. खेळातला पहिला टप्पा सुरू होतो त्या क्षणी आपली पाटी आली पाहिजे.

जाता जाता: रोबो-ॲनिमे जाहिरातीपासून कधीच फार लांब नव्हता. १९७९ च्या ‘गंडाम’ची प्रायोजक क्लोव्हर ही खेळणी बनवणारी कंपनी होती, आणि नायकाच्या यंत्राला लाल, निळा, पिवळा भडकपणा आला तो खेळण्याच्या दुकानाकडे बघून. तेव्हा ‘जाहिरात आहे म्हणजे कला नाही’ हा वाद इथे घालायचा नाही.

९ जून

स्टोरीबोर्ड पूर्ण. पहिल्या मसुद्यात पहिले १२ सेकंद ढग, पडकं शहर आणि निवेदन होतं. काढून टाकलं. बहुतेक लोक हा व्हिडिओ फोनवर, आवाज बंद असताना, आपोआप सुरू झालेला पाहणार. पहिल्या ३ सेकंदांत रोबोचा आकार कळलाच पाहिजे. म्हणून कट १: विजेच्या खांबांची रांग, आणि खांबांच्या मागून सरकणारा गुडघा. बस. रोबो १६ मीटर, खांब ८ मीटर. कॅमेरा जमिनीपासून १.६ मीटरवर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

कॅमेरा रोबोच्या छातीसमोर नेला की लगेच खेळणं दिसतं. पार्श्वभूमी फार धूसर केली तरी तेच होतं, कारण डोळ्याला तशी उथळ स्पष्टता लहान वस्तू जवळून बघतानाच माहीत असते. उंची दाखवायला धूसरपणापेक्षा हवा वापरायची: पाय गडद, डोकं फिकट, आकाशाच्या रंगाकडे झुकलेलं.

१४ जून

खेळातलं मॉडेल आणलं: ४८,००० त्रिकोण. खेळात पुरतं, इथे दोन अडचणी. बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत आणि नांगराचा दांडा टाचेत आत सरकत नाही, नुसता गायब होतो. दोन्ही दुरुस्त करून मॉडेल खेळ बनवणाऱ्यांकडे परत पाठवलं, म्हणजे दोन्हीकडे एकच रोबो राहील.

रंगाची अडचण मोठी. शेवाळी राखाडी रोबो, तपकिरी जमीन, आणि छोट्या पडद्यावर दोन्ही एक. डावा खांदा हळदी पिवळा केला. डावाच, कारण नांगर डाव्या टाचेत आहे आणि नजर त्या बाजूला आधी जायला हवी. हा बदल खेळातही घेतला गेला.

ब्लेंडरमध्ये रंग पडद्यावर कसे उतरायचे ते ठरवणारी ‘व्ह्यू ट्रान्सफॉर्म’ सेटिंग आधीच ‘एजीएक्स’वर असते. तिच्यात निवडलेला पिवळा पडद्यावर फिका, मातकट उतरतो. सपाट रंगांच्या कामाला ती ‘स्टँडर्ड’वर ठेवावी. हे विसरून केलेल्या पहिल्या रंगचाचण्या सगळ्या फेकून द्याव्या लागल्या.

१९ जून

बाह्यरेषा, म्हणजे रोबोच्या कडेची काळी रेष. ब्लेंडरमधल्या तीन पद्धती तपासल्या. फ्रीस्टाइल सुंदर पण फार हळू. लाइन आर्ट मॉडिफायरच्या (मॉडेलवर आपोआप लागणाऱ्या प्रक्रियेच्या) रेषा सलग फ्रेममध्ये जुळतात-तुटतात, त्यामुळे चिलखताच्या कडा थरथरतात. शेवटी जुनीच युक्ती: सॉलिडिफाय मॉडिफायरने मॉडेलवर एक बाहेरचं कवच चढवायचं, त्याचे नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठे ते सांगणाऱ्या दिशा) उलटे करायचे, काळं मटेरियल द्यायचं आणि बॅकफेस कलिंग (पाठमोरे पृष्ठभाग न दाखवणं) चालू ठेवायचं.

काय बिघडतं: धारदार कोपऱ्यांवर कवच फाटतं आणि मधून फट दिसते. कारण तिथले शिरोबिंदू जोडलेले नसतात. आधी ‘मर्ज बाय डिस्टन्स’ने ते जोडायचे, मग कोपऱ्यांना बारीक बेव्हल (उतार). सॉलिडिफायमधलं ‘ईव्हन थिकनेस’ चालू ठेवलं तर अरुंद कोनांवर काटे उगवतात, बंद ठेवा.

जाडी मीटरमध्ये असते, डोळ्याला हवी पिक्सेलमध्ये. १,९२० रुंदीच्या चौकटीत, ३५ मिमी लेन्सला, ४० मीटरवर २.५ पिक्सेलची रेष हवी तर कवच ५.४ सेंटिमीटर जाड लागतं. २४ मिमीला तेच ७.८. म्हणून जाडीला ड्रायव्हर (किंमत आपोआप ठरवणारं सूत्र) लावला: कॅमेऱ्यापासूनचं अंतर गुणिले लेन्सप्रमाणे ठरलेला गुणक. शिवाय खालची मर्यादा १.२ पिक्सेल, नाहीतर लांबच्या रोबोची रेष चमचमायला लागते.

२३ जून

छाया. ईव्ही या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये ‘शेडर टू आरजीबी’ आणि पायऱ्यांचा कलररॅम्प: उजेड, सावली, आणि कडेला एक लहान चकाकी. गोल चेहऱ्यावर हे सहज जमतं. रोबोचं चिलखत मात्र सपाट पत्र्यांचं. रोबो वळला की अख्खा पत्रा एका फ्रेममध्ये उजेडातून सावलीत जातो आणि पुढच्या फ्रेमला परत येतो. मांडी लुकलुकते.

उपाय: प्रत्येक पत्र्यासाठी किंचित फुगीर असं दुसरं मॉडेल केलं आणि त्याचे नॉर्मल ‘डेटा ट्रान्सफर’ने मूळ पत्र्यावर आणले. आता सावलीची कड पत्र्यावरून सरकत जाते. दिवा काढूनच टाकला. एका रिकाम्या ऑब्जेक्टची दिशा आणि नॉर्मल यांचा डॉट गुणाकार (दोन दिशा किती जुळतात त्याचं माप) थेट शेडरमध्ये दिला, म्हणजे प्रत्येक कटला उजेड हवा तिकडून घेता येतो, सूर्य कुठेही असो. यात हाताची सावली छातीवर पडत नाही. ती चार कटांत हाताने रंगवली. बाकी कटांत ती नाही हे कोणाला जाणवत नाही.

२७ जून

कट ९, चालणं. अख्ख्या चित्रात रोबो दोनच पावलं चालतो, बाकी थ्रस्टरवर. पण याच दोन पावलांवर वजन ठरतं, म्हणून सर्वाधिक दिवस इथे गेले.

पहिली चाचणी माणसाच्या चालीवरून: पाऊल १२ फ्रेमचं. अपेक्षेप्रमाणे रबरी सूट घातलेला माणूस दिसला. गुरुत्वाकर्षणाखाली काळ उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. १.६ मीटरच्या माणसापेक्षा रोबो १० पट उंच, वर्गमूळ ३.१६, म्हणजे १२ फ्रेमचं पाऊल ३८ फ्रेमचं.

दुसरी चाचणी: ३८ फ्रेम, पण वाटणी चुकली. पाय उचलायला २२, पुढे न्यायला ८, खाली यायला ४, दबायला ४. जमिनीवर आदळल्याचा जोर यावा म्हणून खाली येण्याच्या ४ फ्रेम. उलटच झालं. पाय १.५ मीटर उचललेला आहे. तेवढ्या उंचीवरून दगड सोडला तरी त्याला १३ फ्रेम लागतात. ४ फ्रेममध्ये आलेला पाय गुरुत्वाकर्षणाच्या पुढे पळतो आणि डोळा लगेच म्हणतो, हे लहान आहे, रागाने पाय आपटतंय.

चालली ती वाटणी: उचल १०, पुढे ८, खाली १२, टेकून दबणं ८. जोर आपटण्यात नसतो, टेकल्यानंतर दिसतो. गुडघा ८ फ्रेम दबतो, खांदे ४ फ्रेम उशिरा खाली येतात, डोक्यावरची अँटेना त्यानंतर आणखी ६ फ्रेमने. या उशिराच्या साखळीत एकही सांधा वेळेवर पोचला तर सगळं मुसळ केरात.

२ जुलै

खांद्यावरून निखळणारे ढेकळाचे तुकडे. तयार ठेवलेल्या जुन्या चित्रमालिकेत ते १२ फ्रेममध्ये खाली पडतात. अर्धा सेकंद म्हणजे सव्वा मीटरची उंची, टेबलावरून पेला पडावा तशी. खांदा १३ मीटरवर आहे. तिथून ३९ फ्रेम लागतात. रोबोची हालचाल कितीही नीट असू द्या, शेजारी पडणारा दगड चुकला की रोबो टेबलावर येतो. पडणारी प्रत्येक वस्तू आता उंचीवरून मोजून घ्यायची.

११ जुलै

कट १४, नांगर. धावेचा वेग सेकंदाला ४० मीटर. खेळात फाळ रोवल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत १.२ सेकंद, म्हणजे २९ फ्रेम आणि २४ मीटरचा चर. स्टोरीबोर्डमध्ये हे ८ फ्रेममध्ये होतं. कागदावर झणझणीत, पण १२ जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या बारा पट) धक्का, पायलट खिळखिळा. २९ फ्रेमला तो साडेतीन जीच्या आसपास राहतो आणि खेळाशी जुळतो.

रोबो दोन-दोन फ्रेमवर, कॅमेरा एक-एक फ्रेमवर. इथे नेहमीची खोडी निघाली: कॅमेरा रोबोबरोबर सरकतो, रोबो एक फ्रेम थांबतो, पुढच्या फ्रेमला दुप्पट उडी मारतो. सुरुवातीच्या वेगाला एका फ्रेममध्ये १.६७ मीटर अंतर जातं, तेव्हा चौकटीत रोबो तेवढाच पुढे-मागे थरथरतो. दोन दिवस ही रेंडरची चूक समजून शोधली गेली. उपाय सोपा आहे: हाडांची ठेवण दोन-दोनवर ठेवायची, पण अख्ख्या रोबोचं जमिनीवरचं सरकणं कॅमेऱ्यासारखं एक-एकवर. स्टेप मॉडिफायर (हालचाल ठरावीक फ्रेम गोठवणारा) फक्त हाडांच्या वक्रांना लावायचा, मूळ हाडाला नाही. फाळ जमिनीत असल्याने डावा पाय मूळ हाडाला बांधला, नाहीतर तो चरातून बाहेर सटकतो.

चर हा वक्रावर वाढत जाणारा खड्डा आहे. माती हाताने काढली, तीन थरांत. ढेकळं पहिल्या ४ फ्रेममध्ये बाहेर फेकली जातात, दगड त्यांच्या मागून, धूळ सर्वांत शेवटी आणि रोबो थांबल्यावरही पुढे वाहत राहते. तिन्ही थर एकदम सुटले तर मातीचा पडदा दिसतो, नांगरट नाही.

थांबल्यावर १८ फ्रेम काहीच हलत नाही, फक्त टाचेतून वाफ. ही शांतता संकलनात दोनदा कापली गेली आणि दोनदा परत घातली. ती नसली की पुढचा बार नुसता आवाज होतो. बारानंतर धक्का ३ फ्रेम मागे, परत यायला २०.

१५ जुलै

कट १९, शेवटची ठेवण. हातातलं पातं कॅमेऱ्याकडे राक्षसी मोठं येणारी ही ठेवण जपानी ॲनिमेटर मासामी ओबारींच्या नावाने ओळखली जाते. नुसत्या १८ मिमी लेन्सने ती येत नाही. चित्रकार तिथे सरळ खोटं काढतो. आपणही काढायचं: कोपरापुढचा हात १.६ पट, पात्याचं टोक २.५ पट, मागचा खांदा ०.८. हाडं ताणल्यावर बाह्यरेषाही अडीचपट जाड झाली, कारण सॉलिडिफाय आर्मेचरच्या (हाडांच्या सांगाड्याच्या) आधी होता. क्रम उलटा केला, रेष जागेवर आली.

१८ जुलै

क्षेपणास्त्रांचा कट रद्द. जपानी ॲनिमेटर इचिरो इतानोंच्या धाटणीने बारा धुराच्या शेपट्या गुंफायच्या होत्या. प्रत्येक शेपटीला स्वतंत्र वाट, मध्येच कॅमेऱ्याच्या शेजारून जाणारी एखादी, हे नीट करायचं तर उरलेला सगळा वेळ त्यातच जाईल. शिवाय खेळात एका वेळी चारच क्षेपणास्त्रं सुटतात. नियम २ जूनला लिहिलेला आहेच.

२१ जुलै

पायलटची दोन वाक्यं. तोंडाची तीन चित्रं: मिटलेलं, अर्धं, उघडं; तीन-तीन फ्रेमवर. ओठ अक्षरांशी जुळवायचे नाहीत. त्यामुळे मराठी, इंग्रजी, जपानी, कुठलाही आवाज बसतो. फक्त वाक्य कधी सुरू आणि कधी बंद एवढं जुळलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवण्यासारखी. मराठीत आणि जपानीत क्रियापद शेवटी. “नांगर आता... टाक!” यातला ‘टाक’ फाळ रोवण्याच्या फ्रेमवर सहज येतो. इंग्रजीत क्रिया आधी येऊन जाते आणि उरलेलं वाक्य मातीच्या आवाजात बुडतं. इंग्रजी आवृत्तीसाठी वाक्य दोन तुकड्यांत तोडून दुसरा तुकडा एका शब्दाचा केला.

२५ जुलै

कट १७ उजेडाच्या तपासणीत नापास. हलकी तोफ सेकंदाला ६ गोळ्या झाडते. दोन फ्रेम पांढरा, दोन फ्रेम गडद, पूर्ण चौकटभर, म्हणजे सेकंदाला ६ लखलखाट. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर तिथल्या वाहिन्यांनी सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको असं ठरवलं. लालबाबत अधिक कडक.

गोळ्यांचा दर बदलायचा नाही, तो खेळातला आहे. म्हणून संपूर्ण कटभर स्थिर पिवळसर उजेड ठेवला आणि नळीच्या तोंडाचा तारा तेवढा आकार बदलतो, चौकटीच्या एक-चतुर्थांशापेक्षा बराच लहान. मोठ्या बाराच्या वेळचा उलट्या रंगांचा फ्रेम एकच ठेवला. आधी तीन होते, पांढरा-काळा-पांढरा. दिसायला भारी, ठेवायला नको.

२९ जुलै

आवाज. कट ९ मध्ये कॅमेरा पावलापासून ८५ मीटरवर. आवाज सेकंदाला ३४० मीटर धरला तर तो ६ फ्रेम उशिरा पोचतो. खडकाळ जमिनीतला हादरा त्याआधी येतो. म्हणून क्रम: पाय टेकला, चौकट हलली (खाली १२ पिक्सेल, मग वर ८, खाली ५, वर ३, खाली १, एक-एक फ्रेमवर), आणि सहाव्या फ्रेमला धप्प. आवाज पायाबरोबर लावला तर ८५ मीटर एकदम ८ मीटर वाटतात.

फोनच्या स्पीकरवर खोल धप्प ऐकूच येत नाही. त्याच फ्रेमवर २०० ते ४०० हर्ट्झमध्ये पत्रा कण्हल्याचा थर दिला. स्टुडिओतल्या स्पीकरवर तो जरा जास्त वाटतो, फोनवर बरोबर. मोजमाप उणे १४ लफ्स (आवाजाच्या सरासरी पातळीचं एकक), शिखर उणे १ डेसिबल.

२ ऑगस्ट

निर्यात. संध्याकाळच्या आकाशात पट्टे पडले. आठ बिटच्या फाइलीत मंद गडद छटा अशाच तुटतात. आकाशावर अगदी बारीक दाणा (ग्रेन) टाकला, पट्टे गेले. दाणा वाढवला तर फाइल कॉम्प्रेस करताना बाह्यरेषांसाठी बिट उरत नाहीत आणि कडांना मळ चढतो. धुळीच्या कटांत दाणा शून्य.

उभी आवृत्ती: आडव्या चौकटीतून मधला तुकडा कापला तर १,०८० उंचीला ६०७ पिक्सेल रुंदी मिळते. ती १,०८० पर्यंत ताणली की रेषा मऊ पडतात. कट १, ९, १४, १९ आणि २० उभ्या कॅमेऱ्याने नव्याने रेंडर केले, बाकीचे कापले. उंच रोबोला उभी चौकट मुळातच जास्त शोभते. कट १ तर आडव्यापेक्षा उभाच बरा आहे.

४ ऑगस्ट

खेळ बनवणाऱ्यांकडे सोपवलं: मूळ फाइल, आडवी व उभी आवृत्ती, आवाजाचे थर वेगळे, पाट्यांविना एक प्रत. दुकानाच्या पानावर हा व्हिडिओ दुसरा ठेवावा, पहिला प्रत्यक्ष खेळाचा, असं सोबत लिहिलं.

उरलेल्या चुका. कट ६ मध्ये कुंपणाची सावली सूर्याच्या बाजूलाच पडते. कट ११ च्या शेवटच्या ४ फ्रेममध्ये उजव्या मनगटाचं कवच फाटलेलं आहे. मर्ज पुन्हा करून रेंडर करायचं. कट २० च्या दूरच्या रोबोवर खालची रेषामर्यादा लावायची राहिली. जपानी आवाज आल्यावर पायलटचं दुसरं वाक्य ५ फ्रेमने मागे घ्यावं लागेल, तोंडाची चित्रं तेवढी आधीच जास्त काढून ठेवली आहेत.